रोशनीचे कापलेले अकरा सेकंद

रोशनी गेली. नवऱ्याच्या मारहाणीत.

खरंच वाटत नाहीये.

रोशनी म्हणजे आमच्या शाळा-रेडिओची ताई. डोंगरी गावची. दर शुक्रवारी गावाकडच्या शाळांतल्या स्पीकरवर जिचा आवाज लागायचा, ती. डेंग्यू, पाळी, तंबाखू, घरातली मारहाण... पोरांना कळेल असं सांगायची.

नववीत होती तेव्हा पहिल्यांदा हेडफोन लावला तिला. किंचाळलीच!

"ह्यो माजा आवाज हाय? न्हाय वो मॅडम, कोन म्हातारी बोलते!"

लग्न होऊन मिरारोडला आली, पण रेडिओ सोडला नाही. तिथेच, सिल्व्हर पार्कमधल्या माझ्या घरी रेकॉर्डिंग. आवाज घुमू नये म्हणून कपाट उघडायचं आणि साड्यांकडे तोंड करून बोलायचं. हाच आमचा स्टुडिओ.

एडिटिंग माझं. खोकला काप, अडखळणं काप, गॅप काप. पोरं कंटाळतात ना!

गेल्या मंगळवारी विषय होता घरातल्या मारहाणीचा.

"घरात कुणी मारत असेल तर गप्प बसू नका..." एवढं बोलली आणि थांबली.

मी म्हटलं, "काय गं, लाइन विसरलीस?"

"न्हाय मॅडम." मग पुढचं नीट बोलली. "विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा."

"एक नंबर!" मी म्हटलं. पोहे खाऊन गेली. मी गॅप कापला. अकरा सेकंद.

शुक्रवारी तो एपिसोड ऐकून सातवीतली एक मुलगी वर्गात मागे थांबली. बाईंना घरचं सगळं सांगितलं. बाईंनी लगेच धावपळ केली.

मी रोशनीला फोन करून हे सांगितलं.

"बोलली ती? बरं झालं वो," म्हणाली आणि रडायला लागली.

मला वाटलं, आनंदाने रडतेय. इतकी कशी मी मठ्ठ!

काल सकाळी तिच्या भावाचा फोन आला. नवऱ्याला पोलिसांनी नेलंय.

आज न कापलेली फाइल शोधून ऐकली. त्या अकरा सेकंदांत ती दोनदा श्वास घेते. बोलायला सुरुवात करावी तसा.

आता आठवतंय, कपाटाकडून वळून माझ्याकडे बघत होती ती. मी स्क्रीनकडे बघत होते.

विश्वासातलं मोठं माणूस मीच होते ना!

दुपारी फाइल पोलीस स्टेशनला नेऊन दिली.

साहेबांनी विचारलं, "यात काय बोललीय ती?"

"काही नाही," म्हटलं. "थांबलीय."

माफ कर, पोरी. तुला श्रद्धांजली वाहायची वेळ माझ्यावर यायला नको होती.