गाऱ्हाण्यातलं राहिलेलं वाक्य

माझा थोरला भाऊ हवाई दलातून निवृत्त होऊन गावी आला, तेव्हा अख्खी वाडी हरखली. मी नाही हरखलो. का हरखावं? दहाव्या वर्षी सैनिक शाळेत गेला, तिथून लढाऊ विमानात, मग हवाई तळाचा प्रमुख, शेवटी दिल्लीत एअर व्हाइस मार्शल. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा साहेब सीमेवर. आई गेली तेव्हा साहेब परदेशात. खांदा द्यायला मी, माडांना शिंपायला मी, आणि कौतुक त्याचं! बाजारात मासे घ्यायला गेलो तरी मासेवाली विचारणार, "भाऊ खंय आसा रे तुझो?" मी जिवंत आहे की मेलो, कोणाला पडलेली नव्हती.

माझी अशी एकच गोष्ट होती. नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ हातात धरून समुद्राला गाऱ्हाणं घालायचं. एकाने मागणं मागायचं, सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणून ते उचलून धरायचं. हा मान आमच्या घराचा, तोही थोरल्याचा. थोरला गावात नसायचाच, म्हणून वडिलांच्या मागे इतकी वर्षं मीच तो सांभाळला.

यंदा श्रावण लागताच गावकर, म्हणजे गावचे मानकरी, घरी आले. "थोरलो इलो मा आता. मान तेचो." झालं! आयत्या बिळात नागोबा. रागाने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. भाऊ मात्र शांतपणे पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होता. बायको वारलेली, एकुलता मुलगा कॅनडात, त्यामुळे स्वतःच करायचा.

बंदरावर तो ताठ उभा राहिला आणि परेडवरच्या आवाजात सुरू झाला, "हे सागरदेवते, आमच्या होड्यांचे रक्षण कर." माझ्या मागची म्हातारी पुटपुटली, "समुद्र काय दिल्लीचो आसा?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याने मासळी मागितली, आरोग्य मागितलं, पीकपाणी मागितलं. लोक कसंबसं "होय म्हाराजा" म्हणत होते. मग त्याने नारळ टाकायला हात उचलला, आणि सगळे एकदम गप्प झाले.

"काय झालं?" त्याने विचारलं.

माझं डोकं सटकलं. "नारळ सोडू नको! एक वाक्य रवला."

"कुठलं?"

मीच पुढे झालो आणि समुद्राकडे तोंड करून ओरडलो, "बा म्हाराजा, जी लेकरां पोटापाण्यासाठी गावाभायर गेली आसत, तेंची राखण कर, तेंका सुखरूप घराक घेवन ये!" मग त्याच्याकडे वळलो. "तुका खंयसून ठावक आसतला? तू विमानात आसताना तुझ्यासाठीच म्हणत होतव ह्या. पयलो बापूस, मगे मी. दर वर्साक!"

"होय म्हाराजा!" सगळं बंदर गरजलं. त्याचं "होय म्हाराजा" मागाहून आलं, एकट्याचं. मग त्याने नारळ सोडला.

घरी येताना तो माझ्या मागून चालत होता. मी वळून पाहिलं नाही. राग काही असा पटकन उतरत नाही, निदान माझा तरी नाही. दारात पोचल्यावर तो म्हणाला, "फुडच्या वर्साक गाऱ्हाणा तूच घाल."

इतक्या वर्षांत तो माझ्याशी मालवणीत बोलला नव्हता. तरी मी तडकलोच, "कित्याक? मान तुझो मा?"

"माझो झील थंय कॅनडात, गावाभायर आसा रे," तो म्हणाला. "माका 'होय म्हाराजा' म्हणूचा आसा."