टँकरच्या पाण्यातले वाटाणे

रत्नागिरीत आले तेव्हा पहिल्या आंघोळीलाच घाबरले. अंगावरचा साबण निघेचना. दोन बादल्या ओतल्या तरी हात बुळबुळीतच. आमच्या लातूरकडच्या गावात बोअरचं जड पाणी. साबण झिजायचा पण फेस यायचा नाही, हंड्याच्या आत पांढरा थर चढायचा. इथलं नळाचं पाणी हलकं आहे हे कळायला मला आठवडा लागला. तोवर वाटत होतं, आपल्याच अंगाला काही झालंय.

माझी शाळा सातवीत सुटली. नवऱ्याला इथं ट्रकवर काम मिळालं आणि मला एका बाईंच्या खानावळीत, सगळे त्यांना काकी म्हणतात. ओळख ना पाळख, तरी काकींनी एवढंच विचारलं, "डाळभात येतो ना?"

येतो म्हटलं, आणि पहिल्याच दिवशी घोळ घातला. गावाकडं सोड्याची चिमूट टाकल्याशिवाय तूरडाळ शिजतच नाही, म्हणून इथंही टाकली. डाळीचा पार चिखल.

"काय गो बाय, ही आमटी की पोस्टर चिकटवायची खळ?" काकींनी पळी उलटी धरून दाखवली. जेवणारे हसले. पण त्यांनी मला घालवलं नाही. सोड्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला नि म्हणाल्या, "हा माझ्या शेगडीजवळ परत दिसला, तर तू दिसायची नाहीस."

ते उपकार मी विसरले नाही, आणि ती धमकीही.

या मे महिन्यात नळ दोन दिवसांआड यायला लागला. काकींनी टँकर मागवला. लगेच दुसऱ्या दिवशी आळीतल्या एका घरचं बारसं होतं. साठ माणसांचे वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ आमच्याकडं. वाटाणे मी टँकरच्या पाण्यातच भिजवले आणि सकाळी सातला शिजायला लावले. नऊ वाजले. दाताखाली धरला की कट्‌कन. दहा वाजले, तरी कट्‌कन.

"भिजवलेस ना नीट?" काकी.

"भिजवले, काकी."

"मग हे खडे कशाने झाले?"

हात धुवायला गेले तर साबणाला फेस नाही, नुसती पांढरी साय तरंगत होती. घोटभर पाणी तोंडात घेतलं. जिभेला ओळख पटली. हे माझ्या गावासारखंच पाणी होतं, बोअरचं. आता उपाय एकच, आणि तो फळीवर.

काकी वडे थापत होत्या, पाठ माझ्याकडं. गुपचूप सोडा टाकावा का? कळलं तर काम गेलं. नाही टाकला तर बारशाला खडे वाढायचे, तरीही काम गेलंच. मी तीनदा फळीखाली जाऊन परत आले.

"भोवऱ्यासारखी काय फिरतेस? बोल काय ते!"

"काकी, आधी हात धुऊन बघा."

"माझे हात पिठात आहेत गो!"

"म्हणूनच म्हणते."

त्या रागानंच उठल्या. साबण चोळला, परत चोळला. हाताकडं बघत राहिल्या. "मेल्या टँकरवाल्याने बोअरचं ओतलंन की काय?"

"आमच्याकडं असंच असतं. यात कडधान्य शिजत नाही. सोडा लागतो."

काकींनी हात पुसले. मग स्वतःच स्टूल ओढून डबा काढला. "चिमूटभर. आणि उसळ बिघडली तर बारशाला तूच जाऊन सांगायचंस."

अर्ध्या तासात वाटाणा बोटांनी दाबला तर दबला. काकींनी चाखला, खोबऱ्याचं वाटप घातलं. उसळीचे टोप बारशाला गेले. मी मात्र दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलं. सोडा जास्त झाला असेल का? कुणाला जळजळ झाली तर? कुणी बाळंतिणीला वाढली तर? फोन वाजला की मी मोरीत जाऊन उभी राहायची.

पाच वाजता बारशाच्या घरचा फोन आला. काकींनी स्पीकरवर टाकला. मी ओट्याला धरून उभी.

"काकी, टोप तसेच पाठवले तर चालतील ना? आमच्याकडे घासायला पाणी नाय."

"आणि उसळ?"

"टोपात काय उरलंय ते बघा ना. काही नाय उरलं!"

काकींनी फोन ठेवला. "ऐकलंस? खरकटे टोप येतायत साठ माणसांचे. नि उद्या पहाटे नळ यायचाय, पिंपं भरायला लवकर ये."

"येते," म्हटलं. दोनदा म्हटलं बहुतेक.