बिलाची उजवी कड

फेब्रुवारीतला सोमवार, अंदाजे खर्च साडेचार लाख. आम्हा नवराबायकोसमोर मेंदूचे, नाकाचे आणि डोळ्यांचे असे तीन डॉक्टर एकाच टेबलाशी. बायकोच्या मेंदूखालची गाठ नजरेच्या नसा दाबत होती. रत्नागिरीच्या मासळीबाजारात तिला बाजूची टोपलीही दिसेनाशी झाली होती. पहिले दोघे मिळून गाठ नाकावाटे काढणार होते. नजर परतते का, ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई पाहणार होत्या.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "यांना काहीतरी वाचायला द्या." माझ्या हातात बिलच होतं.

बायको प्रत्येक ओळ थेट उजव्या कडेपर्यंत वाचत गेली. "अहो, हातमोजे दोनदा लावलेत."

"कडेचं दिसतंय की," बाई हसल्या. हातमोज्यांचे सहाशे वजा झाले आणि उरलेले चार लाख बारा हजार मी हॉस्पिटलच्या कॅशियरकडे भरले.