अर्ध्या तासाचं इंजिन

शेजारची पोरं टीव्हीवर मोटारींच्या शर्यती लावतात. उघड्या चाकांच्या त्या बुटक्या गाड्या डासासारख्या गुणगुणत फिरतात, आणि कुठल्या कंपनीचं इंजिन कुणाच्या गाडीत बसवलंय यावर पोरांची हमरीतुमरी चालते. मी उठून आत जाते. म्हातारीला कळत नाही, असं त्यांना वाटतं. वाटू दे. मला त्यातलं जेवढं कळतं तेवढं कळायला नको होतं.

आमच्या घरी मोटार होती. मुरुममध्ये तेव्हा टॅक्सी म्हणून तेवढी एकच. पोलीस ॲक्शननंतर एक जहागीरदार गाशा गुंडाळून हैदराबादला गेला, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, रानाचा एक तुकडा देऊन ती घेतली. विलायती गाडी, उंच, रंग पार उडालेला. पण इंजिन नामी. माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही दादा म्हणायचो, एरवी अखंड बडबड करणारा माणूस, पण बोनेट उघडलं की पोथीपुढं बसल्यासारखा गप्प व्हायचा. तोच गाडी चालवायचा, तोच मरम्मत करायचा. बाजाराच्या दिवशी आडत्यांना उमरग्याला न्यायचं, लग्नात नवरदेव मिरवायचा, आणि कुणाचं जास्त झालं तर सोलापूरच्या दवाखान्यात पोचवायचं. नुसतं पेट्रोल कुणाला परवडतंय? गाडी पेट्रोलवर चालू करायची आणि इंजिन तापलं की तोटी फिरवून दुसऱ्या टाकीतल्या रॉकेलवर घ्यायची. धूर लई व्हायचा, डोळे चुरचुरायचे, पण माणूस पोचायचं.

सासरी माझं पटलं नाही म्हणून मी त्या वर्षी माहेरी परतले होते. जिल्हा मुंबई राज्यात जाऊन थोडेच दिवस झाले होते. गल्लीतल्या बायका मला बघून कुजबुजायच्या. वहिनीनं मात्र एका शब्दानं काही विचारलं नाही. परातीत पीठ घेतलं, माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, तुमच्या भाकरी माझ्यापेक्षा पातळ होतात, तुमीच थापा. तेवढ्या एका वाक्यावर मी त्या घरात राहिले.

वहिनीला दिवस गेले होते. आधीची दोन बाळंतपणं घरीच झाली आणि दोन्ही वाया गेली, दुसऱ्या वेळी तर ती स्वतः मरता मरता वाचली. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दादाला समोर उभं करून बजावलं होतं, पुन्हा वेळ आली तर सुईणीवर विसंबू नका, कळा सुरू झाल्या की तडक इकडं आणा, पोट कापावं लागेल. दारातल्या मोटारीवर वहिनीचा जीव अडकलाय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि त्यातच तो साहेब उगवला. हैदराबादचा, तरणाबांड, पांढरेशुभ्र बूट घातलेला. आमच्या गाडीत कुठलं इंजिन आहे ते त्याला जहागीरदाराच्या घरून कळलं होतं. ओट्यावर बसून चहा पीत त्यानं दादाला सगळं समजावलं. शर्यतीची गाडी बांधतो एक आणि तिला इंजिन पुरवतो दुसरा, परदेशात मोटारींचे मोठमोठे कारखाने असंच करतात. गाडी जिंकली की नाव दोघांचंही होतं. त्याची गाडी बांधून तयार होती. मडगार्ड नाही, टप नाही, एकाच माणसाची बैठक, चारी चाकं उघडी. मद्रासकडं एका जुन्या विमानतळावर शर्यत होती. इंजिन तेवढं पाहिजे होतं. शर्यत झाली की परत. दादानंच मिस्तरी म्हणून बरोबर यायचं, आणि इंजिन मुरुमचं म्हणून गाडीच्या अंगावर गावाचं नाव रंगवायचं. झालं! दादाला जे हवं होतं ते नेमकं त्या माणसानं बोलून दाखवलं होतं.

आप्पा सरळ नाही म्हणाले. लेकराची खेळणी आहेत ती, आपल्या घरी बाळंतपण आहे, असं म्हणून ते उठूनच गेले. दादा दोन दिवस जेवला नाही. शेवटी वहिनीच आप्पांना म्हणाली, जाऊ द्या त्यांना, आठव्याच्या आत इंजिन घरी आलं म्हणजे झालं.

इंजिन काढून नेलं. मोटार दारात पोकळ उभी राहिली, आणि आमच्या एका कोंबडीनं बोनेटखाली अंडी घालायला सुरुवात केली. वहिनी रोज हसत ती अंडी काढायची. पण संध्याकाळी ती रस्त्याकडं किती वेळा बघायची ते मी पाहत होते.

दादानं शब्द पाळला, हे मला सांगितलंच पाहिजे. आठवा लागायच्या आधी एका मालट्रकमधून, गवतात गुंडाळलेलं इंजिन घेऊन तो आला. वहिनीनं त्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं. गावाहून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा भाकरतुकडा आणि पाणी तिनं दादावरून ओवाळलं, आणि मग त्या लोखंडावरूनही ओवाळलं. आप्पा हसले, लोखंडाला कसली दृष्ट लागती म्हणाले. ती इंजिनावर हात ठेवून म्हणाली,

"आलं न्हवं घरी? आता मला कशाचं भ्या न्हाय."

रात्री जेवताना दादा थांबेचना. शर्यतीत गाडीचा दुसरा नंबर आला होता. साहेबानं खरंच मुरुमचं नाव रंगवलं होतं, लाल अक्षरात. लोक येऊन दादाशी हात मिळवत होते. मग जरा आवाज खाली आणून त्यानं सांगितलं की जोर वाढावा म्हणून त्यानं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तासून घेतलं होतं. त्यानं आतली जागा कमी होते आणि इंजिन दुप्पट ताकदीनं पळतं. आप्पांनी विचारलं, मग आता रॉकेलवर चालंल का? दादा म्हणाला, न्हाय, रॉकेल घातलं तर आतून ठोकायला लागंल आणि पिस्टन जळंल. शर्यत अर्ध्या तासाची असते, तेवढं जीव तोडून पळालं की त्या इंजिनाचं काम संपलं, पुढचा विचार तिथं कुणी करत नाही. पण काळजी करू नका, झाकणाखाली तांब्याचा जाड पत्रा घातला की ते होतं तसं होतंय.

दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिन आहे तसंच मोटारीत बसवलं, आणि मग उमरग्याच्या तांबटाकडून तो पत्रा कापूनही आणला. झाकणाच्या आकाराचा, चार मोठी भोकं असलेला. वहिनीनं चिंच लावून तो घासला, लखलखीत केला आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला. बसवायला अर्ध्या दिवसाचं काम होतं.

ते अर्ध्या दिवसाचं काम दादाच्यानं झालं नाही. मला अजून राग येतो. हाताला वेळ नव्हता असं नाही, त्याचं मनच होत नव्हतं. तासलेल्या इंजिनानं ती म्हातारी मोटार अशी पळायची की मुरुमपासून हमरस्त्याच्या मोडापर्यंत लोक दुकानं सोडून बघायला येत. आडत्यांची पोरं मागं धावत. पत्रा बसवला की ती पुन्हा पूर्वीसारखी कण्हत कुंथत चालणार होती. नुसत्या पेट्रोलवर घरात ओढाताण चालली होती, तरी गडी ऐकंना. वहिनी रोज विचारायची, कधी बसवता? तो म्हणायचा, बसवतो की, ह्या ऐतवारी. मी एकदा तोंडावर म्हणाले, दादा, तुला बायकोपेक्षा ती टाळ्या पिटणारी पोरं जास्त झाली व्हय? तो हसला आणि माझ्या डोक्यात टपली मारून गेला. तीन ऐतवार तसेच गेले.

वैशाखात, भर दुपारी, वहिनीला कळा सुरू झाल्या. नववा लागायचा होता. उमरग्याच्या पंपावर पेट्रोल संपलं होतं, टँकर यायचा होता. पेट्रोलच्या टाकीत तळाला राहिलेलं तेवढंच. दादानं रॉकेलचा डबा आणून दुसऱ्या टाकीत ओतला. आप्पा ओरडले, पत्रा बसव. पण इंजिन उघडायला अर्धा दिवस कुठून आणणार? मी वहिनीला धरून बाहेर आणलं. स्वयंपाकघराच्या दारातून जाताना तिनं त्या खिळ्याकडं बघितलं.

येणेगूर मागं टाकेपर्यंत गाडी पेट्रोलवर नीट गेली. मग दादानं तोटी फिरवली. जरा वेळानं ठोका सुरू झाला, आतून कुणीतरी हातोडी मारतंय असा. दादा गाडी हळू करायचा, ठोका कमी व्हायचा. वहिनी कण्हली की घाईनं वाढवायचा, ठोकाही वाढायचा. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि प्रत्येक ठोक्याला ती डोळे मिटत होती. जळकोट गेलं. तिथून थोडं पुढं खाडकन आवाज झाला, काळा धूर आला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

मैलभर एक झाड नव्हतं. दादा शेतातून धावत जाऊन कुणाची तरी बैलगाडी घेऊन आला. आम्ही तिला कडब्यावर निजवलं. मी पदरानं ऊन अडवत होते, पदर पुरत नव्हता. कडबा भिजून लाल झाला होता. दादा बैलांच्या पुढं चालत होता, मागं वळून बघायची त्याची हिंमत नव्हती. वहिनीनं एकदाच त्याला हाक मारली.

"अहो, सोलापूर आलं का?"

"आलंच की," दादा म्हणाला.

नळदुर्गसुद्धा आलं नव्हतं. किल्ल्याचा बुरूज दिसायला लागला तेव्हा तिच्या हातातली माझी बोटं सुटली. मूल तिच्या पोटातच राहिलं.

तेराव्यापर्यंत मोटार जळकोटच्या पुढं रस्त्याच्या कडेलाच उभी होती. साहेबाला कुणी कळवलं की नाही ते मला ठाऊक नाही. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर राग काढावा असं मला पुष्कळदा वाटलं, पण राग तिथं टिकत नाही, फिरून घरातच येतो.

चौदाव्या दिवशी दादानं बैल लावून मोटार ओढून आणली. सोलापूरच्या भंगारातून पिस्टन आणले. मग स्वयंपाकघरात येऊन खिळ्यावरचा पत्रा काढला. मी चुलीपुढं होते. पत्रा काळवंडला होता, मी तो घासला नव्हता. अर्ध्या दिवसात त्यानं तो बसवला. खरंच अर्धाच दिवस लागला.

त्यानं रॉकेलची टाकी भरली, गाडी चालू केली आणि तोटी फिरवली. एकदाही ठोका आला नाही. अंगण धुरानं भरून गेलं. आप्पा ओट्यावर बसून खोकत होते, पण बंद कर म्हणाले नाहीत. दादा उन्हात मडगार्डवर हात ठेवून उभा होता. मी दोनदा जेवायला बोलावलं, त्यानं मान हलवली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, तरी इंजिन एकसारखं चालतच होतं, पूर्वी चालायचं तसं.

मग त्यानं मागच्या बसायच्या जागेकडं, वहिनी निजली होती तिथं, बघितलं.

"आलं सोलापूर," तो म्हणाला, आणि तोटी बंद केली.