जांभळे केस आणि माझा माफीनामा

"आईशप्पथ सांगतो, त्या जांभळ्या केसाच्या पोरानं माफी मागितल्याशिवाय मी डबा उघडणार नाही! अख्ख्या देशापुढं नाक घासायला लावतो त्याला!"

कंपनीची बस भोसरीच्या उड्डाणपुलाखाली अडकली होती आणि आत हा गर्जणारा वाघ म्हणजे मी. पुलाखालची कबुतरं त्या सकाळी जी उडाली ती अजून खाली उतरलेली नाहीत. शेजारच्या शेअर रिक्षातल्या एका बाईंनी मला हात जोडले. त्यांना वाटलं, मी निवडणुकीला उभा आहे.

"कुणाला बोलायलाव, भाऊ?" पुढच्या सीटवरचा लातूरचा वेल्डर डोळे चोळत उठला.

मग मी त्याला सगळं समजावलं. कोरियात एक गाणारा पोरगा आहे. निम्म्या जगाच्या पोरी त्याच्यापायी वेड्या, आणि उरलेलं निम्मं जग म्हणजे त्या पोरींचे वैतागलेले आईबाप. हे महाशय मोबाईलवर लाइव्ह बसून नूडल्स खात होते. कुणीतरी विचारलं, भारतात कधी येणार? तर हसून म्हणाले, तिथं हातानं जेवतात ना? आपल्याला नाही जमायचं.

झालं. पेटलं सगळीकडं. आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीच्या ग्रुपवर लाल अक्षरांत मेसेज फिरला, संस्कृतीचा अपमान, जागे व्हा. मी जागाच होतो.

"तुमी व्हिडिओ बघितला का?" वेल्डरनं विचारलं.

आता मी क्वालिटीतला माणूस. चाकणच्या आमच्या कंपनीत मापाचं गेज लावल्याशिवाय साधा वॉशर पास करत नाही. पण राग आल्यावर गेज कोण शोधत बसतो? "बघायचं काय त्यात?" म्हणून मी बसल्या जागी फेसबुकवर असं काही खरमरीत लिहिलं की मोबाईल गरम झाला. शेवटी ठणकावलं, 'माफी माग, नाहीतर परिणामांना तयार राहा.' परिणाम म्हणजे नेमकं काय, ते मलाही ठाऊक नव्हतं.

एक बारीकशी अडचण होती. आमची कंपनी कोरियन. साहेब कोरियन. आणि त्याच शनिवारी माझी लेक त्या साहेबांना भेटायला येणार होती. कंपनीतल्या दुभाषी बाई लग्न करून बंगळूरला गेल्या होत्या आणि साहेब स्वतःहून म्हणाले होते, तुझी मुलगी आमची भाषा शिकलीय ना, घेऊन ये. ती शिकली कशी? त्याच जांभळ्याच्या गाण्यांवर. आधी गाणी पाठ, मग क्लास, मग परीक्षा. नातेवाईक म्हणायचे, पोरगी वाया गेली. मीही म्हणायचो, फक्त जरा मोठ्यानं. आता त्याच भाषेवर तिला नोकरी लागत होती, म्हणून घरात मला ताकीद होती की शनिवारपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी ती पाळली. तोंडानं घरात एक शब्द बोललो नाही.

चहाच्या सुट्टीपर्यंत माझ्या पोस्टखाली जयजयकार चालला होता. मी प्रतिज्ञा विसरून डबाही उघडला, कारण देशासाठी लढणाऱ्यालाही भूक लागतेच. आणि मग त्या पोराच्या चाहत्या आल्या. काय ते संघटन! आमच्या युनियननं त्यांच्याकडं शिकवणी लावावी. त्यांनी मला एक शिवी दिली नाही. फक्त उकरायला बसल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत वर काढला आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या नकलांच्या स्पर्धेचा गेल्या वर्षीचा व्हिडिओ.

त्यात मी. गळ्यात टाय, हातात चॉपस्टिक म्हणून दोन पेन्सिली, पुढ्यात पिठलं-भाकरी. विषय: 'कोरियन साहेब जेवतात.' पिठलं काही पेन्सिलीवर ठरत नाही, म्हणून मी दर घासाला कंबरेत वाकून ताटाला नमस्कार करतो आणि शेवटी थेट ताटात तोंड घालून असं भुरकतो की मांडवाच्या कनाती आत ओढल्या जातात. पहिला नंबर आला होता. बक्षीस स्टीलचा डबा. सकाळी न उघडण्याची शपथ घेतली होती तोच.

खाली कॉमेंटांची रांग. 'काका, आधी तुम्ही माफी मागा.' 'पेन्सिलवाले काका, परिणामांना तयार आहात का?' तासाभरात व्हिडिओ कंपनीच्या ग्रुपवर. वेल्डर मशीन बंद करून मुद्दाम माझ्या टेबलाशी आला.

"भाऊ, भुरकायचा आवाज लई वरिजनल हाय."

संध्याकाळी घरी गेलो तर लेक इस्त्रीच्या टेबलाजवळ उभी. शनिवारचा ड्रेस हातात, इस्त्री थंड.

"पप्पा, त्याचा व्हिडिओ पाहिला होता का तुम्ही?"

"व्हिडिओ नाही, पण भावना…"

"आणि तुमचा? त्यात मागं कोण खिदळतंय, ऐकलंत? शूटिंग मी करत होते. हसणं माझं आहे." ती ड्रेसची घडी घालायला लागली. "साहेबांनी विचारलं, हे काय आहे, तर मी काय भाषांतर करू?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पेन्सिली मीच दिल्या होत्या, हेही सांग." ते मदत म्हणून होतं की घाव म्हणून, मला अजून उलगडलेलं नाही.

मग लेकीनं मला तिकडची रीत सांगितली. तिथं गाणारा चुकला की माफी स्वतःच्या हातानं, पेनानं, कोऱ्या कागदावर लिहितो आणि त्याचा फोटो टाकतो. टाइप केलेली चालत नाही. जांभळ्याची दुपारीच येऊन गेली होती. तिनं वाचून दाखवली. चार ओळी. विचार न करता बोललो, ज्यांच्याबद्दल बोललो त्यांना दुखावलं, चूक माझीच. मला वाटलं होतं, लोळण घेईल. त्यानं नुसतं सांगून टाकलं होतं.

"आता तुम्ही लिहा. साहेबांसाठी."

मी बसलो. पहिला मसुदा, 'जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर.' लेकीनं फाडला. दुसऱ्यात मी माझं कलाक्षेत्रातलं योगदान मांडलं. तो बायकोनं फाडला. शेवटी हाताला जे वळण होतं तेच कागदावर उतरलं. आमच्याकडं कस्टमरची तक्रार आली की उत्तर ठरल्या साच्यात जातं. तक्रार काहीही असो, भोक वाकडं असो की रंग उडालेला असो, मूळ कारण एकच: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपायही एकच: ऑपरेटरला समज दिली व पुन्हा प्रशिक्षण दिलं. खाली तयार करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, आणि ऑपरेटरची. ही तिसरी जागा आम्ही रिकामीच सोडतो, कारण तोवर ऑपरेटर बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो.

तसंच लिहिलं. तक्रार: साहेबांच्या जेवणाची नक्कल. मूळ कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला समज दिली. तयार करणारा म्हणून माझी सही, तपासणारा म्हणूनही माझीच, तिसरी जागा सवयीनं रिकामी. लेकीनं वाचलं, कपाळाला हात लावला, पण फाडलं नाही. तोवर वहीच संपत आली होती.

शनिवारी साहेबांच्या केबिनमध्ये मी दोन्ही हातांनी कागद पुढं केला आणि इतका वाकलो की टेबलावरचं पेनस्टँड डोक्यानं आडवं झालं. साहेब म्हणजे सडपातळ, शांत माणूस. कॅन्टीनमध्ये आमच्या बरोबरीनं ठेचा खातो आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी तोंडातून आवाज येऊ देत नाही.

लेक कागद कोरियनमध्ये वाचू लागली. आधी अडखळत, मग भरभर. साहेबांनी काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं. पुन्हा विचारलं. मग दोघांचं जे सुरू झालं ते थांबेचना. त्या सगळ्या बोलण्यात मला एकच शब्द कळला: पिठलं. साहेबांनी मोबाईल काढला. केबिनमध्ये माझं भुरकणं घुमलं, मागं लेकीचं खिदळणं. मी जमिनीकडं बघत राहिलो, म्हटलं, फरशी दुभंगली तर निदान पार्किंगमध्ये तरी पडेन. लेक मात्र साहेबांच्या डोळ्याला डोळा देऊन काहीतरी सावकाश बोलली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून. मग साहेबांनी लाल पेन्सिल घेतली, माझ्या कागदाच्या तळाशी एक गोल काढला आणि कागद तिच्या हातात दिला.

गेटबाहेर आल्यावर मी तिला गाठलं.

"काय म्हणाले?"

"सोमवारपासून ये म्हणाले."

मी अशी आरोळी ठोकली की तळवड्याच्या आयटी पार्कमधल्या लोकांनी भूकंप समजून जिने गाठले असतील. वॉचमन धावत आला. त्याला मिठी मारून झाल्यावर मला स्वतःची आठवण झाली.

"आणि माझं? माफ केलं का मला?"

लेकीनं तो कागद माझ्या हातात ठेवला आणि आपल्या ओढणीची घडी नीट करत म्हणाली,

"ऑपरेटरची सही राहिलीय म्हणाले."