गवयाच्या तसबिरीला हार

येळ्ळूरच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी होत्या. राजे, संत, देशभक्त. दर शुक्रवारी वर्ग सारवून झाला की पोरं त्या पुसायची, कुंकू लावायची, बांधावरच्या फुलांचे हार घालायची. मग मी एकेकाची गोष्ट सांगायचो. गोष्टीच्या शेवटी तो माणूस मरायचा, पोरी डोळे पुसायच्या आणि शाळा सुटायची.

राजे झाले, संत झाले. पण गाणारा माणूसही थोर असतो हे या पोरांना कोण सांगणार? म्हणून मी एका म्हाताऱ्या, नामांकित गवयांचा फोटो मासिकातून कापला, काच बसवून घेतली आणि त्याच रांगेत टांगला. "हे पण तेवढेच मोठे," म्हणालो. पोरांनी ऐकून घेतलं. एका मुलीनं मात्र विचारलं, "गाऊन मोठं हुतंय व्हय, गुरजी?"

ती चौथीत होती. बाप शेतकरी, भजनात टाळ धरणारा. पोरीचा गळा असा, की ती कविता म्हणायला उभी राहिली की शेजारच्या वर्गातली मस्ती आपोआप थांबायची. चौथीच्या वर्षीच लग्न, हे घरात ठरलेलं. मी बापाकडे खेटे घालून घालून थकलो. शेवटी तो म्हणाला, "गुरजी, गाणं-बजावणं आमच्यात न्हाय. पर त्यो तसबिरीतला एवढा मोठा मानूस व्हय म्हनला, तर मी न्हाय म्हननार न्हाय. न्हायतर तुळशीचं लगीन झालं की पोरीचं उरकनार."

गवई बेळगावात एका वकिलांकडे उतरायचे. वकीलही भले गृहस्थ. "पोरगी गवयांना पसंत पडली तर आमच्या घरी राहून शिकेल," असं त्यांच्या बायकोनं सांगितलं होतं. राहिलं होतं फक्त गवयांनी तिला ऐकणं. वकिलांनी त्यांचं मन वळवलं आणि एका सकाळी मोटार येळ्ळूरला यायची ठरली. मी वेशीवर जाऊन उभा राहिलो.

तेवढ्या वेळात शाळेत काय घडलं ते मला कसं कळणार? पाहुणा येणार म्हणून पोरांनी तसबिरी धुतल्या. नेहमीच्या सगळ्यांना हार घातले; गवयांच्या तसबिरीला शुक्रवारीही हार घालायची सवय नव्हती. मग त्या मुलीच्याच मनात आलं, की बाकीच्यांना हार आणि जो येणार त्याचीच तसबीर उघडी, हे बरं दिसेल का? तिनं परड्यातल्या शेवंतीचा सगळ्यांत मोठा हार ओवला. कुंकू लावलं. खाली उदबत्ती लावली. गावात फोटो होताच कुणाच्या घरी? तसबीर म्हणजे देव, नाहीतर गुरुजींची थोर माणसं, आणि दोघांनाही हार. पोरांचं काय चुकलं, सांगा बघू!

गवई दारात आले आणि थबकले. समोर त्यांचाच चेहरा, हारात. वकील किंचाळलेच, "अहो मास्तर, जिवंत माणसाला हार? हा काय अभद्रपणा!" झालं. पाहुणा बघायला निम्मं गाव लोटलं होतं. मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, अपशकुन केला की गं पोरीनं!" बाप पुढं आला आणि त्यानं भर सभेत तिच्या थोबाडीत दिली. मग फेटा काढून गवयांच्या पायावर ठेवला. मी मध्ये पडेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

गवई मात्र मोठा माणूस. हसले. म्हणाले, "अरे, मेल्यावर मला कुठं दिसणार होता हा हार? बरं झालं, आजच बघितला." त्यांनी मुलीला जवळ बसवलं, गालावरून हात फिरवला. "गा बाळ. जे येतं ते गा."

ती उभी राहिली. तोंड उघडलं. आवाज फुटेना. मी म्हणालो, "म्हण गं बाई, कविता म्हण." गवयांनी स्वतः सूर लावून दिला. पोरगी नुसती बापाकडे बघत होती. सगळी शाळा, सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं आणि मी, चांगला दणकट बाप्या, तिच्याशेजारी नुसता उभा. तिच्याऐवजी मला गाता आलं असतं तर बेसूर का होईना, गळा फाटेस्तोवर गायलो असतो. गवई बराच वेळ थांबले. मग हळूच म्हणाले, "लहान आहे. पुढच्या खेपेला." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, पण ती पुढची खेप काही आली नाही.

मी पुन्हा बापाकडे गेलो. भांडलो, हात जोडले. तो म्हणाला, "गुरजी, त्यो थोर मानूस व्हय म्हनला का? न्हाय न्हवं? मग झालं की."

तुळशीचं लग्न झालं आणि लगोलग मांडव पडला. अक्षता पडल्यावर ती माझ्या पाया पडायला आली. हळदीनं पिवळी झालेली, मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या. वाकून उठली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "गुरजी, मला येत हुतं ओ."

"ठाऊक आहे गं बाळ," मी म्हणालो. तेवढ्यात तिला जेवायच्या पंगतीला बोलावलं.