तबूकच्या थंडीत दुबईची डिझेल गाडी

जेवताना सुलभाने फोन माझ्यापुढे सरकवला. सौदीत तबूकच्या पलीकडे डोंगरावर बर्फ पडणार, अशी बातमी होती. "अहो, यंदाही राहूनच जाणार ना?" एवढंच म्हणाली.

दर हिवाळ्यात हेच व्हायचं. तिकडे बर्फ पडायचा, इकडे दुबईत अल क्वोजच्या माझ्या वर्कशॉपात कुठल्यातरी हॉटेलचं किचन अर्धवट असायचं, आणि काम संपेपर्यंत तिकडचा बर्फ वितळलेला असायचा. तिला एकदाच, एकदाच तो हातात घ्यायचा होता. या वेळी म्हटलं, "यल्ला, निघूया."

विमानाने जा, असा सल्ला मी आज कुणालाही देईन. पण आमच्याकडे डबल केबिनची जुनी डिझेल पिकअप आहे आणि माझा तिच्यावर जीव आहे. सौदीचा व्हिसा घरूनच ऑनलाइन काढा. गाडीचा विमा सीमेवर मिळतो. मुल्किया, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन कार्ड, स्वतःच्या नावावर असेल तर फारसं कुणी काही विचारत नाही.

अल मनखूलच्या घरून पहाटे निघालो. मागे आमची मनू, युनिव्हर्सिटीला सुट्टी म्हणून ओढून आणलेली, कानात इअरफोन. घुवैफातच्या सीमेवर रांग, पलीकडे सौदीच्या बत्था नाक्यावर परत रांग. त्यानंतर रियाधपर्यंत रस्ता इतका सरळ की स्टिअरिंगवर हात ठेवणंही काम वाटायला लागतं. रियाधमध्ये खोली दोनशेवीस रियालला मिळाली. दिरहमही जवळपास तेवढेच, म्हणजे पाच हजार रुपये. सुलभा बाथरूममधून ओरडली, "पाच हजारांत गरम पाणी नाही हो!" माझी पाठ तोपर्यंत लाकूड झाली होती, मी तसाच झोपलो.

दुसऱ्या दिवशी हाइल शहर मागे पडलं आणि वारा सुटला. मी हीटर लावला. गार हवा आली. पूर्ण फिरवला, तरी गारच.

"पप्पा, इट्स फ्रीझिंग! धिस इज एसी!"

टेंपरेचरचा काटा बघितला, तो तळाशी झोपलेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काही उन्हाळ्यांपूर्वी हत्ताच्या चढावर गाडी तापली होती, तेव्हा आमच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती छोटी झडप. "सेठ, दुबई में इसका क्या काम?" असं तो म्हणाला होता, आणि मलाही पटलं होतं. आमच्याकडच्या निम्म्या जुन्या डिझेल गाड्या अशाच फिरतात. गाडी तापू नये, यातच आमची सगळी अक्कल खर्च होते. निघण्यापूर्वी मी रेडिएटरमध्ये न गोठणारं कूलंट आठवणीने भरलं, पण ही झडप साफ विसरलो.

पुढच्या पंपाजवळ एका मलबारी चेट्टाचं, म्हणजे केरळी दादाचं, दुकान होतं. चिप्सचं रिकामं खोकं मागितलं, फाडून रेडिएटरच्या पुढे अर्ध्या भागाला लावलं. चेट्टा बघत राहिला. "घर बना रहे हो?" म्हणाला. पण काटा थोडा उठला, पायांना ऊब आली. पुठ्ठा लावलात तर काट्यावर नजर ठेवा, चढावर तो काढायला लागतो.

मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी एका इस्तिराहात होता, म्हणजे अंगणासह भाड्याने मिळणारं घर. मालक अबू फहद, दाढीवाला, हसरा. "सकाळी आम्ही सगळे वर जाणार आहोत, मागोमाग या," म्हणाला. "दुपारपर्यंत ऊन, मग खलास." म्हणजे दुपारनंतर बर्फ गेलाच म्हणायचा. सुलभाने त्या रात्री मोजे घालूनच झोप घेतली, तयार राहायला.

सकाळी अंगणातली बादली वरून गोठलेली. गाडीला चावी दिली. घर्र, घर्र, आणि शांत. बॉनेट उघडून फिल्टर बघितला. डिझेल थंडीत तूप जमावं तसं पांढरं, दाट झालं होतं. डिझेल गोठू नये म्हणून टाकीत घालायचं औषध पार्ट्सच्या दुकानात मिळतं. ते थंडीत शिरण्याआधी घालायचं असतं, जमल्यावर त्याचा काही उपयोग नाही. मी आणलंच नव्हतं.

पाच मिनिटांत अंगणात सल्लागार जमले. अबू फहदचा भाऊ म्हणाला पेट्रोल मिसळ. शेजारचा पठाण ड्रायव्हर म्हणाला, "टंकी के नीचे थोड़ा आग जलाओ, खान भाई सब यही करता है."

"और फिर खान भाई कहाँ जाता है?" मी विचारलं.

"कभी कभी अस्पताल," तो शांतपणे म्हणाला.

दोन्ही नको म्हटलं. तेवढ्यात अबू फहदची मोठी गाडी फाटकाशी आली. आत त्याची आई, बायको, मुलं. त्याने मागच्या दोन रिकाम्या जागा दाखवल्या, सुलभा आणि मनूकडे बोट केलं. मग माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला. बायकांच्या रांगेत माझी जागा नव्हतीच.

"नको," सुलभा म्हणाली. "थांबूया. होईल ना आता चालू?"

मी "पाच मिनिटं" म्हणालो असतो तर ती थांबली असती. लग्न झाल्यापासून ती माझ्या पाच मिनिटांसाठी थांबत आली आहे. आणि मला माहीत होतं, गाडी पाच मिनिटांत चालू होणार नव्हती.

"जा," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मी हिला ऊब देतो. जा गं, ऊन चढतंय."

मग बॅटरी काढून खोलीतल्या हीटरजवळ ठेवली. फिल्टरभोवती फडकी गुंडाळून त्यांवर गरम पाणी ओतत बसलो. बॉनेटवर घोंगडी टाकली. पठाणाने मदतीला हात लावला आणि गाडी ढकलत वळवून टाकीची बाजू उन्हात केली. पाठ बोंबलत होती. ऊन माथ्यावर आलं तेव्हा बॅटरी परत बसवून चावी दिली. गाडी खोकली, काळा धूर ओकली आणि चालू झाली. मी इंजिन बंद करायची हिंमत केली नाही. डोंगराकडे वळणार, तोच वरून अबू फहदची गाडी उतरताना दिसली.

सुलभा उतरली ती अबू फहदच्या आईचा हात धरून. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी दोघी हसत होत्या. बुटांत चिखल, नाक लाल. माझ्याजवळ येऊन तिने दोन्ही हात माझ्या मानेवर ठेवले. मी किंचाळलो. पठाण खो खो हसला.

"राहिलाय का वर?" मी विचारलं.

"संपला हो," ती म्हणाली. तिच्या आवाजात माझ्यासाठी वाईट वाटणं होतं, पण फार नव्हतं. तेही बरंच झालं.

परतीचा प्रवास पुठ्ठ्यावर झाला. घरी आल्यावर पहिलं काम म्हणून थर्मोस्टॅट बसवून घेतला. मेकॅनिक म्हणाला, "फिर गर्मी में रोते हुए आओगे." येईन. थकवा अजून गेलेला नाही, आणि एवढ्या लांब परत गाडी हाकणार नाही, हे नक्की.

आमच्या घरी पाहुणे आले की बोलायचो मी, चहा द्यायची सुलभा. परवा वसईकडचं शेजारी जोडपं आलं. सुलभा खुर्चीच्या कडेला बसून सांगत होती, हातवारे करत. बर्फ गुडघ्यापर्यंत होता म्हणे.

"मम्मी, इट वॉज बेअरली अबव्ह द शूज!"

"तू फोनमध्ये होतीस," ती म्हणाली आणि तशीच पुढे गेली. अबू फहदची आई कशी घसरली, हिने तिला कसं धरलं, मग दोघी कशा बसूनच राहिल्या.

"आणि तुम्ही काय केलंत?" शेजाऱ्याने मला विचारलं.

"थांबा हो, त्यांना नंतर विचारा," सुलभा म्हणाली. मी कपांत चहा ओतला आणि ऐकत बसलो. ती घसरण्याची गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.